एकसष्टावं नाव

“...पण मन थाऱ्यावर ठेवायचं कसं, एवढंच विचारतोय, बाबा.”

भुरेबाबा अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे गृहस्थ राज्याचे मुख्यमंत्री होते. जयवंतराव सोनटक्के. पस्तीस वर्षांपूर्वी परीक्षेत नापास होऊन घर सोडलेला हा माणूस कवडझरीच्या या टेकडीवर आला होता. तीन वर्षं त्याने बाबांच्या मठात पाणी भरलं, लाकडं फोडली, बोलणी खाल्ली. पुढे तो राजकारणात गेला आणि वर चढत गेला. पण वर्षातून एकदा तो ही टेकडीही चढायचा आणि बाबांसमोर सारवलेल्या जमिनीवर बसायचा. मुख्यमंत्री झाल्यावरही त्यात खंड पडला नव्हता.

यंदा मात्र ते दोन महिने आधीच आले होते.

राज्याचे दिवस वाईट होते. बाहेरच्या देशांतली मागणी थांबली आणि औद्योगिक पट्ट्यातले कारखाने एकामागून एक बसत गेले. आधी तिसरी पाळी गेली, मग दुसरी, मग फाटकंच बंद झाली. वळकट्या बांधून लोक गावाकडं निघाले. कर येईना. शिक्षकांचे पगार दोन-दोन महिने रखडले.

हे सगळं जयवंतरावांनी बाबांना सांगितलं. आपण स्वतः वर्षभर पगार घेणार नाही, हेही सांगितलं. वर्तमानपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर छापली होती, तेही त्यांच्या तोंडून निसटलं. मंत्र्यांचे परदेश दौरे रद्द केले. बंगल्यातलं कारंजं बंद केलं. तेवढ्याने भागेना, म्हणून गेल्या आठवड्यात काही कटू निर्णयांवर सही करावी लागली. तेव्हापासून जीव लागत नाही. जेवण जात नाही.

“राज्य चालवणाऱ्याला हे करावंच लागतं, बाबा. तुम्हीच शिकवलंत ना, कर्तव्य करताना हात थरथरू नये म्हणून.”

“मी असं शिकवलं?”

“...हो.”

“मग चुकलो असेन.”

दोर वळतच राहिला.

“काय बंद केलंस?” बाबांनी विचारलं.

“खेड्यांतली प्रसूतिगृहं. चार-चार खाटांची. छोटी आहेत. एकसष्ट.”

“नावं सांग.”

जयवंतराव हसले. “एकसष्ट नावं तोंडपाठ कशी असतील? यादी आमच्या चौबळांकडे आहे.”

“तुझ्याकडं काय आहे?”

“...सही.”

बाबांचे हात थांबले.

चौबळ म्हणजे मुख्यमंत्र्यांचे सचिव. टेकडी चढून ते दमले होते आणि पळसाच्या सावलीत फाईल पोटाशी धरून उभे होते. बाबांनी त्यांना हाक मारली, यादी जयवंतरावांच्या हातात द्यायला सांगितली आणि जयवंतरावांना ती मोठ्याने वाचायला सांगितली.

जयवंतराव वाचू लागले. सभेत वाचावं तशा खणखणीत आवाजात सुरुवात झाली. विसाव्या नावाशी आवाज थोडा उतरला. काही गावं त्यांनी कधी ऐकलीही नव्हती. काही गावांतून त्यांनी हार घेतले असतील, पण आठवत नव्हतं. चाळिसाव्या नावाला घसा कोरडा पडला. ते थांबले. ते पुन्हा वाचू लागले.

“शेवटचं?”

“सावळगव्हाण.”

“बंद कधी होणार?”

सगळ्यांची तारीख एकच आहे, असं चौबळांनी सांगितलं. आजच. दुपारी चार वाजता.

“कुलूप कोण लावणार?”

“तिथल्या सिस्टर लावतील. किल्ली तालुक्याला जमा करतील.”

बाबा जयवंतरावांकडे वळले. “तू लाव.”

जयवंतरावांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी समजावून पाहिलं. दुपारी कारखानदारांबरोबर बैठक होती. ते सगळे राजधानीत येऊन थांबले होते. आणि मुख्यमंत्र्याने एखाद्या खेड्यात कुलूप लावायला जाणं बरं दिसत नव्हतं. उद्या प्रत्येक गाव म्हणेल, आमच्याकडंही या.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

“हात थरथरू नये म्हणालास,” ते म्हणाले. “थरथरतो का, बघून ये.”

* * *

सावळगव्हाण तिथून दोन तासांच्या अंतरावर होतं. शेवटचे अकरा किलोमीटर रस्ता असा नव्हताच. बाकीच्या गाड्या जयवंतरावांनी फाट्यावर थांबवल्या. एकाच गाडीत ते आणि चौबळ पुढे निघाले.

वाटेत त्यांनी मनात वाक्यं जुळवली. दिवस कठीण आहेत. झळ सगळ्यांनाच सोसावी लागतेय. वर्षा-दोन वर्षांत पुन्हा उघडू. हे काम त्यांना चांगलं जमायचं. गेल्याच महिन्यात बंद कारखान्याच्या फाटकावर दीड हजार कामगार दगड घेऊन उभे होते. जयवंतराव एकटे त्यांच्यात शिरले आणि अर्ध्या तासात त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं. रागावलेल्या माणसांशी कसं बोलायचं, ते त्यांना ठाऊक होतं.

गाव आलं. गावाच्या कडेला दोन खोल्यांची कौलारू इमारत. पुढे ओसरी. ओसरी नुकतीच धुतलेली होती, फरशी अजून ओली होती. जयवंतरावांनी नकळत चपला बाहेर काढल्या.

आतून पन्नाशीची एक बाई आली. पांढरी इस्त्रीची साडी, केसांचा घट्ट अंबाडा. मंजुळा वाढई. एकोणीस वर्षं त्या इथं सिस्टर होत्या. ताबा घ्यायला तालुक्याचा कोणी कारकून येईल, अशी त्यांची समजूत होती. दारात मुख्यमंत्री बघून त्या क्षणभर थबकल्या. मग त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, “आत या, साहेब. सगळं तयार आहे.”

खरंच सगळं तयार होतं. गाद्या उन्हात घालून, झटकून, गुंडाळून ठेवल्या होत्या. चारी खाटा पुसल्या होत्या. सुया-कात्र्या उकळायचं पातेलं घासून लख्ख केलं होतं. बाळाचं वजन करायची झोळी धुऊन, घडी घालून काट्याशेजारी ठेवली होती. एकेक वस्तू दाखवत मंजुळाबाई पुढे चालल्या होत्या. एका खिडकीची काच तडकलेली होती. ती मागच्या वादळात तडकली, इथल्या कोणाकडून नाही, एवढं त्यांनी आवर्जून सांगितलं.

ओसरीतल्या बाकावर सातव्या महिन्यातली एक बाई सासूबरोबर बसली होती. उरलेल्या लोहाच्या गोळ्या मंजुळाबाईंनी तिच्या ओटीत घातल्या होत्या. वाया जायला नकोत म्हणून.

अंगणात तीस-चाळीस माणसं जमली होती. जयवंतराव त्यांच्या रागाची वाट पाहत होते.

राग आला नाही. एका म्हाताऱ्याने घरून खुर्ची आणली आणि सावलीत ठेवली. कुणी तांब्याभर पाणी दिलं. कुणी काही विचारलं नाही. सगळे नुसते उभे होते, लग्नघरात पाहुणा उशिरा आल्यावर उभे राहावेत तसे.

जयवंतरावांनी घसा साफ केला. “दिवस कठीण आहेत...”

“साहेब, मी एक बोलू का?” मंजुळाबाई म्हणाल्या.

आता येईल, असं त्यांना वाटलं. थोडं बरंही वाटलं. “बोला ना.”

मंजुळाबाईंनी पदर नीट केला.

“चूक आमचीच झाली. गेल्या साली इथं बाळंतपणं कमी झाली. पोरं-सुना सगळी कारखान्याकडं गेली होती, गावात बायाच नव्हत्या. आता कामं सुटली, तशी सगळी परत येऊन राहिली. पुढच्या साली आम्ही भरून काढलं असतं. पण आम्ही कमी पडलो म्हणून बंद होतंय, ते आम्हाला समजतं. तुमच्याबद्दल गावाचं काही म्हणणं नाही.”

चौबळ जमिनीकडे बघू लागले.

जयवंतरावांनी बोलायला तोंड उघडलं. बाळंतपणांचा आणि त्या यादीचा काही संबंध नव्हता. यादी कशी झाली, हे त्यांना ठाऊक होतं. चौबळांना ठाऊक होतं. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं.

पण समोर चाळीस माणसं उभी होती. आणि बाईंनी दोष आपणहून उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. तो तिथं नीट बसलाही होता.

“बघू,” ते म्हणाले. “दिवस सुधारले की बघू.”

मंजुळाबाईंनी मान हलवली, जणू एवढंही पुष्कळ होतं.

मग दार ओढून घेतलं. जयवंतरावांनी कुलूप कडीत घातलं आणि दाबलं. ते लागेना. पुन्हा दाबलं. तळहात घामेजला होता, कुलूप निसटलं आणि दारावर आपटलं. तिसऱ्यांदा दाबताना बोटं कापत आहेत, हे सगळ्या अंगणाला दिसलं.

मंजुळाबाई पुढे झाल्या. “ते जुनं आहे, साहेब. जरा वर उचलून दाबावं लागतं.”

त्यांनी कुलूप हातात घेतलं, वर उचललं, दाबलं. लागलं. त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं. मग किल्ली पदराने पुसली आणि जयवंतरावांच्या हातावर ठेवली.

निघताना कुणीतरी गाडीत सीताफळांची टोपली ठेवली होती. ती त्यांना फाट्यावर पोचल्यावर दिसली.

* * *

राजधानीकडे जाणारा रस्ता आला, तेव्हा जयवंतरावांनी ड्रायव्हरला गाडी कवडझरीकडे घ्यायला सांगितली. कारखानदार अजून खोळंबले आहेत, अशी आठवण चौबळांनी केली. जयवंतरावांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दिवस मावळत होता. बाबा चुलीपुढे बसले होते. जयवंतरावांनी किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

“थरथरला?”

“हो.”

“मग?”

“कुलूप... त्या बाईंनीच लावलं.”

घडलेलं सगळं त्यांनी सांगितलं. गाद्या, पातेलं, झोळी, खुर्ची, सीताफळं. काही लपवलं नाही. मंजुळाबाईंचे शब्द तर जसेच्या तसे सांगितले.

“चूक तिची होती?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“तिला सांगितलंस?”

“...नाही.”

“मग कुणाची होती?”

चुलीत लाकूड फुटलं. चौबळ उठून जायला लागले, तर जयवंतरावांनी त्यांना हाताने बसायला सांगितलं.

मग त्यांनी सांगितलं.

काटछाट करायची ठरली, तेव्हा टेबलावर बऱ्याच गोष्टी होत्या. मोठ्या कारखान्यांच्या सवलती होत्या. त्यातले निम्मे कारखाने बंद होते, तरी सवलती चालूच होत्या. सचिवालयाची नवी सात मजली इमारत होती. मंत्र्यांच्या शिक्षणसंस्थांची अनुदानं होती, त्यात त्यांची स्वतःचीही संस्था होती. यातल्या कशालाही हात लावला, की तासाभरात फोन वाजला असता. अधिकाऱ्यांनी विचारलं, साहेब, कोणत्या निकषावर यादी करायची? जयवंतराव थकले होते. ते म्हणाले होते, “जिथं ओरड होणार नाही, तिथून सुरुवात करा.”

अधिकाऱ्यांना लगेच कळलं. संध्याकाळपर्यंत एकसष्ट नावं टाइप होऊन आली. जयवंतरावांनी वरचं पानही न वाचता खाली सही केली.

“ते वाक्य माझं आहे, बाबा,” ते म्हणाले. “मंदीचं नाही. मीच बोललो.”

भाकऱ्या झाल्या होत्या. बाबांनी दोन ताटं मांडली. एक चौबळांपुढे ठेवलं, एक स्वतःपुढे घेतलं.

जयवंतराव रिकाम्या जमिनीकडे बघत बसले.

“तू उद्या जेव,” किल्ली परत त्यांच्याकडे सरकवत बाबा म्हणाले. “जाऊन आल्यावर.”

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा सावळगव्हाणला गेले. या वेळी वाटेत वाक्यं जुळवली नाहीत.

मंजुळाबाई आपल्या खोलीसमोर ट्रंक बांधत होत्या. त्यांची बदली झाली होती. गाडी बघून माणसं पुन्हा अंगणात आली. कालचा म्हातारा खुर्ची आणायला वळला, तर जयवंतरावांनी त्याला थांबवलं. ते बंद दारापुढच्या पायरीवर उभे राहिले. बसले नाहीत.

“काल मी खोटं बोललो,” ते म्हणाले. “म्हणजे, खरं बोललो नाही. सिस्टरची काही चूक नाही. गावाचीही नाही. बाळंतपणं किती झाली, ते कोणी पाहिलंच नव्हतं. सरकारला खर्च कमी करायचा होता. तुम्ही ओरडणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून तुमचं नाव घेतलं.”

मागे उभी असलेली, काल बाकावर बसलेली ती गर्भार बाई सासूच्या आड झाली.

मंजुळाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. काल त्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता. तो आता हळूहळू उतरत गेला. त्याच्या जागी जे आलं, त्याच्याकडे जयवंतरावांना बघवेना.

“म्हणजे आम्ही ओरडायला पाहिजे होतं, साहेब?”

दीड हजार कामगारांना खाली बसवणाऱ्या माणसाला एक शब्द सुचला नाही. त्यांनी खिशातून किल्ली काढून पुढे केली.

बाईंनी ती घेतली नाही.

“उघडायचं आहे का परत?”

“हो.”

“मग कागद द्या,” त्या म्हणाल्या. “तोंडी नको.”

चौबळांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून आदेश लिहिला. जयवंतरावांनी सही केली. मंजुळाबाईंनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. तारीख पाहिली. सही पाहिली. कागदाची घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली, आणि मगच किल्ली घेतली.

त्या दिवशी कोणी पाणी विचारलं नाही. गाडीत कोणी काही ठेवलं नाही.

* * *

राजधानीत जाऊन जयवंतरावांनी ती यादी रद्द केली आणि दुसऱ्या टोकापासून नवी करायला घेतली. पहिलं नाव स्वतःच्या संस्थेचं घातलं. मग बंद कारखान्यांच्या सवलती. मग नवी इमारत, जी चौथ्या मजल्यावरच थांबली. अपेक्षेप्रमाणे फोन वाजले. दोन मंत्री पक्ष सोडून गेले. मुख्यमंत्र्यांचा धीर सुटला, असं अग्रलेखांतून आलं. ज्यांनी पगार सोडल्याचं कौतुक छापलं होतं, त्यांनीच.

तरीही भागलं नाही. एकसष्टमधली एकोणीस प्रसूतिगृहं शेवटी बंद करावीच लागली. जयवंतराव त्या एकोणीस गावांना एकेक करून स्वतः गेले. काय बंद होतंय, का होतंय, आणि त्याआधी काय काय बंद केलं, ते पायरीवर उभं राहून सांगितलं. बहुतेक ठिकाणी त्यांना शिव्या बसल्या. एका गावात बायांनी गाडीवर शेण फेकलं. काच पुसत ड्रायव्हर संतापला होता. जयवंतराव त्याला म्हणाले, की राहू दे. त्यांना ते गाव सावळगव्हाणपेक्षा सोपं गेलं होतं.

पण पहिल्या यादीत बारावं नाव जांभूळधावचं होतं.

तिथलं कुलूप सांगितल्या दिवशी, सांगितल्या वेळी लागलं होतं. यादी रद्द झाल्याचा कागद जिल्ह्याहून तालुक्याला आणि तालुक्याहून गावात जायला नऊ दिवस लागले. सहाव्या दिवशी रेणुका नावाच्या एका बाईला कळा सुरू झाल्या. तिला टेम्पोत घालून तालुक्याला निघाले. वाटेत घाटातच ती मोकळी झाली. मुलगी झाली होती. बाळ वाचलं नाही.

जयवंतरावांना हे सरकारी मार्गाने कळलं नाही. तिथल्या सिस्टरचं पत्र आलं, सात-आठ ओळींचं. त्यात तक्रार नव्हती. कुलूप आपण काढलं असून दवाखाना पुन्हा सुरू केला आहे, असं कळवताना मध्येच हे एक वाक्य होतं.

ते जांभूळधावला गेले. या वेळी बरोबर चौबळही नव्हते. रेणुकाचा नवरा घरातून बाहेर आला नाही. ती स्वतः उंबऱ्यावर बसली होती. तिने त्यांना ओळखलं. काही विचारलं नाही. फक्त पाय जवळ घेतले आणि त्यांना बसायला जागा केली.

जयवंतराव बसले. तासभर बसले. क्षमा मागायला म्हणून ते गेले होते. पण शब्द ओठांपर्यंत आले की त्यांना वाटे, आपण हिच्याकडं आणखी एक काहीतरी मागतोय. त्यांनी ते मागितलं नाही. ऊन उंबऱ्यावर आलं, तेव्हा ती उठून आत गेली आणि ते परत आले.

* * *

वर्ष उलटून गेलं.

थंडीच्या दिवसांत जयवंतराव टेकडी चढून आले. आपल्या नेहमीच्या दिवशी. एकटेच. ते अजून मुख्यमंत्री होते. पुढे किती दिवस राहतील, ते कोणी सांगू शकत नव्हतं.

औद्योगिक पट्ट्यात कुठं कुठं भोंगे वाजू लागले होते. काही माणसं गावाकडून परत निघाली होती. वाईट दिवसांत राज्य सांभाळणारा नेता, असा एक लेख मागच्या रविवारी त्यांच्यावर छापून आला होता. तो आपल्याला वाचता आला नाही, असं त्यांनी बाबांना सांगितलं.

बाबा उन्हात घोंगडी पसरून बसले होते. दमा वाढला होता. ते ऐकत होते.

जयवंतराव सांगत राहिले. टेबलावर कसलीही यादी आली, की पेन उचलत नाही. नावं मोठ्याने वाचून घ्यावी लागतात. बैठका लांबतात. अधिकारी कंटाळतात, एकमेकांकडे बघतात. कुणी हार घालायला पुढे आलं, की तो उंबरा दिसतो. जन्मभर माणसांच्या डोळ्यांत डोळे घालून बोललो. आता बोलताना नजर खाली जाते. मतदारांसमोर, विधानसभेत, घरी बायकोसमोरसुद्धा. वाटलं होतं, चूक दुरुस्त केली की ही टोचणी कमी होईल. झाली नाही. उलट काम जितकं नीट होतं, तितकी ती वाढते.

राजीनामा द्यावा, असंही मनात आल्याचं त्यांनी सांगितलं.

“कुणासाठी?” बाबांनी विचारलं.

“...माझ्यासाठी.”



टेकडीखालून गुरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज येत होता. दोघं तो ऐकत बसले. जयवंतरावांचं लक्ष स्वतःच्या हातांकडे होतं.

“बाबा.”

“हं.”

“ही लाज... कधी जाईल?”

भुरेबाबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“गेली की मला कळव,” ते म्हणाले. “लोकांना सावध करावं लागेल.”